रंगकाम करताना अकरा केव्हीचा शॉक लागून हात गेला, आता भरपाई कुणाकडे आणि कुठल्या कोर्टात मागायची?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुमचा धाकटा भाऊ, वय ३५, रंगारी. ऑगस्ट २०२५ मध्ये एका बंगल्याच्या पहिल्या मजल्याची बाहेरची भिंत रंगवताना रोलरचा ॲल्युमिनियमचा दांडा शेजारून जाणाऱ्या ११ केव्हीच्या, म्हणजे अकरा हजार व्होल्टच्या लाईनला लागला, उजवा हात कोपरापासून काढावा लागला. वीज कंपनी म्हणते घरच लाईनला चिकटून बांधलंय, आमचा काय दोष. ठेकेदार म्हणतो हा माझा माणूसच नाही, रोजंदारीवर आलेला. बंगलेवाला ७५ हजार द्यायला तयार आहे पण स्टॅम्पपेपरवर सही पाहिजे म्हणतो. आणि हॉस्पिटलच्या गेटवर एक जण भेटलाय, तो म्हणतो पंचवीस टक्के माझे, बाकी सगळं मी करून देतो.

मी जिल्हा कोर्टात बरीच वर्षं अपघाताची कामं चालवतोय, त्यातली निम्मी तरी असली आडवळणाची असतात. रस्त्यावरच्या अपघाताला सगळी वाट तयार असते, पोलीस कागद करतात, गाडीचा इन्शुरन्स असतो, ट्रिब्युनल असतं. पण शॉक लागला, लिफ्ट पडली, होर्डिंग कोसळलं, मळणीयंत्रात हात गेला, की कुणी सांगायलाच नसतं की जायचं कुठे. मग सहा महिने हॉस्पिटलात, सहा महिने पुढाऱ्यांच्या ऑफिसात, आणि वकिलाकडे येईपर्यंत मुदत संपत आलेली. तुमचे सहा-सात महिने गेलेत, अजून वेळ आहे, पण फार नाही.

पहिली गोष्ट, अशा केसमध्ये चूक कुणाची हे शोधण्याआधी धोकादायक वस्तू कुणाच्या ताब्यात होती ते बघायचं. वीज ही तशी वस्तू आहे. २००२ मध्ये सुप्रीम कोर्टाने मध्य प्रदेश वीज मंडळाविरुद्धच्या एका केसमध्ये हे अगदी स्वच्छ सांगितलंय. एक कामगार सायकलवरून घरी चाललेला, पाऊस झालेला, रस्त्यावर पाणी साचलेलं आणि त्यात तुटलेली चालू तार. मंडळाचं म्हणणं होतं की कुणीतरी चोरून आकडा टाकला होता म्हणून तार खाली आली, आमची चूक नाही. कोर्ट म्हणालं, वीज पुरवण्याचा धंदा तुमचा, धोका तुम्हाला माहिती, आकडा पडला तर लाईन आपोआप बंद व्हायची सोय करणं तुमचं काम, निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही तरी भरपाई द्यावीच लागेल. २०१४ मध्ये पानिपतच्या एका लहान मुलाच्या केसमध्ये, घराच्या गच्चीवर ११ केव्हीच्या तारेला लागून त्याचे दोन्ही हात आणि एक पाय गेला होता, तिथे सुप्रीम कोर्टाने ६० लाखांची भरपाई कायम केली. त्यामुळे वीज कंपनीच्या साध्या इंजिनिअरने तोंडी सांगितलं की आमची जबाबदारी येत नाही, तर ते कानाआड करा.

आता 'घर लाईनखाली बांधलंय' हा बचाव ते घेणारच, प्रत्येक केसमध्ये घेतात. त्याला उत्तर मोजमापात आहे. ११ केव्हीची लाईन इमारतीच्या शेजारून जात असेल तर भिंतीपासून आडवं अंतर कमीत कमी १.२ मीटर पाहिजे, आणि वरून जात असेल तर उंच भागापासून उभं ३.७ मीटर. हे केंद्राच्या सुरक्षा नियमांत आहे, जुन्या १९५६ च्या नियमांतही हेच आकडे होते. अंतर कमी असेल तर दोनच शक्यता. एकतर लाईन नंतर आली, मग कंपनी सरळ अडकली. किंवा घर नंतर बांधलं, मग मालकाने बांधायच्या आधी कंपनीला लेखी कळवायला हवं होतं, ते कळवलं नसेल तर मालकही जबाबदारीत येतो, पण कंपनी त्यातून सुटते असं नाही, कारण लाईनमन त्या खांबाखालून कायम जातो-येतो, मीटर रीडिंगवाला दर महिन्याला त्याच बंगल्यात येतो, त्याच घराला कनेक्शनही यांनीच दिलंय, मग एवढी वर्षं दिसलं नाही का? दिसलं तर नोटीस कुठाय? हा प्रश्न उलटतपासात विचारला की समोरचा अधिकारी फाईल चाळायला लागतो. घराचा बांधकाम परवाना ग्रामपंचायतीतून किंवा नगरपालिकेतून काढा आणि लाईन कधी टाकली ते कंपनीकडून माहिती अधिकारात मागा. आणि कृपा करून स्वतः टेप घेऊन अंतर मोजायला जाऊ नका, एकाचा हात गेलाय तेवढं पुरे.

मोजायला सरकारी माणूस आहे. वीज कायदा २००३ च्या कलम १६१ खाली असा अपघात झाला की कंपनीने विद्युत निरीक्षकाला कळवायचं असतं आणि निरीक्षक येऊन चौकशी करतो. हे ऑफिस कंपनीचं नाही, राज्य सरकारचं आहे, बऱ्याच लोकांना त्याचं नावही माहिती नसतं. त्यांच्या रिपोर्टमध्ये अंतर किती, गार्डिंग (तुटलेली तार अडवायची जाळी) होतं का, कुठला नियम मोडला हे सगळं येतं. तुमच्या केसमध्ये रिपोर्ट झालाय की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही. उद्याच त्या ऑफिसात जाऊन अर्ज द्या, झाला असेल तर सर्टिफाइड कॉपी मागा, कंपनीने कळवलंच नसेल तर तुम्ही स्वतः लेखी कळवा आणि पोच घ्या. कळवलं नाही हीच गोष्ट पुढे कंपनीच्या विरोधात जाते.

दुसरा कागद सबस्टेशनमधला. प्रत्येक फीडरची, म्हणजे सबस्टेशनमधून निघणाऱ्या लाईनची लॉगशीट असते, ऑपरेटर हाताने वेळ लिहितो, किती वाजता ट्रिप झाला म्हणजे आपोआप बंद पडला, कशामुळे, परत किती वाजता चालू केला. समजा अपघात सकाळी पावणेबाराचा आहे आणि लॉगशीटमध्ये ११:४४ ला अर्थ फॉल्टवर (करंट जमिनीत गेल्यामुळे) ट्रिप अशी नोंद आहे, तर शॉक त्यांच्याच लाईनचा हे त्यांच्याच अक्षरात सिद्ध झालं. आणि तिथे काहीच नोंद नसेल तर ते जास्त वाईट, म्हणजे माणूस तारेला लागून भाजला तरी ब्रेकर पडलाच नाही, रिले चालली नाही, मग संरक्षणाची यंत्रणा होती कशाला? दोन्हीकडून तो कागद तुमच्या कामाचा आहे. त्या दिवसाची तारीख, फीडरचं नाव (खांबावर नाहीतर डीपीवर म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या जागी लिहिलेलं असतं) घालून माहिती अधिकारात मागा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. या वह्या कायम ठेवत नाहीत, म्हणून घाई.

तिसरा कागद तुमच्याच घरात आहे, हॉस्पिटलचा केसपेपर. कॅज्युअल्टीत डॉक्टर पहिल्या पानावर काय झालं ते एका ओळीत लिहितो, आणि सांगणारा कोण असतो, तर घाबरलेला सोबतचा रंगारी, तो म्हणतो "शिडीवरून पडला". झालं, पानावर 'उंचावरून पडून दुखापत' लिहिलं जातं आणि दोन वर्षांनी कंपनीचा वकील तेवढंच वाचून दाखवतो. तुमचा पेपर काढून बघा. चुकीचं लिहिलं असेल तर खाडाखोड करायला कुणाला सांगू नका, ऑपरेशनच्या नोट्स आणि डिस्चार्ज कार्डवर भाजल्याचं, विजेच्या प्रवेशाच्या आणि बाहेर पडण्याच्या जखमांचं लिहिलेलं असतंच, त्या डॉक्टरांनाच साक्षीला बोलवता येतं. एमएलसी नंबर (हॉस्पिटल पोलीस केस म्हणून नोंदवतं तो) टिपून ठेवा. जळालेले कपडे, रोलरचा दांडा पोलिसांनी पंचनाम्यात घेतला नसेल तर तसाच पिशवीत बांधून ठेवा, धुवायचा नाही. पोलिसांनी नुसती जबाब-नोंद करून सोडलं असेल तर लेखी फिर्याद द्या, निष्काळजीपणाने गंभीर दुखापत हे भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ मध्ये येतं. फौजदारीतून पैसे मिळत नाहीत, पण पंचनामा आणि साक्षीदारांचे जबाब मिळतात, ते कामाचे.

आता मुख्य भाग, आणि इथेच लोक फसतात, कधीकधी वकीलसुद्धा.

तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत. एक, कामगार भरपाईचा १९२३ चा कायदा. नवी सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालीय पण तुमचा अपघात त्याच्या आधीचा, त्यामुळे तुम्हाला जुनाच कायदा. अर्ज कामगार न्यायालयात, मुदत दोन वर्षं, निष्काळजीपणा सिद्ध करायची गरज नाही, काम करताना दुखापत झाली एवढं पुरे. रोजंदारीवर होता म्हणून कामगार नाही हा ठेकेदाराचा मुद्दा पूर्वी चालायचा, २००० च्या दुरुस्तीनंतर चालत नाही. फक्त तो ठेकेदाराच्या हाताखाली होता हे दाखवायला लागेल, गूगल पेचे पैसे, व्हॉट्सॲपवर "उद्या आठला ये" असा मेसेज, बरोबरचे रंगारी, यातलं काहीही चालतं. रक्कम सूत्राने ठरते. पगार महिन्याला जास्तीत जास्त १५ हजार धरतात, दिवसाला हजार मिळत असले तरी. त्याच्या ६० टक्के म्हणजे ९ हजार, गुणिले वयाचा आकडा, ३५ वर्षांना तो १९७.०६ आहे, म्हणजे १७,७३,५४०. हे पूर्ण अपंगत्वाचे. कोपराशी हात गेला तर कायद्याच्या परिशिष्टात ७० टक्के लिहिलंय, त्या हिशोबाने १२,४१,४७८ होतात. पण इथे अडून बसायचं. डिसेंबर १९७५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका सुताराच्या केसमध्ये, त्याचा डावा हात कोपराच्या वरून गेला होता, सांगितलंय की एका हाताने सुतारकाम होत नाही म्हणून हे पूर्णच अपंगत्व. रंगाऱ्याला, तोही उजव्या हाताचा, हाच न्याय लावा म्हणायचं. शिवाय अपघातानंतर महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज आणि ५० टक्क्यांपर्यंत दंड लागू शकतो.

दुसरा रस्ता सिव्हिल कोर्टात नुकसानभरपाईचा दावा, वीज कंपनी, बंगल्याचा मालक आणि ठेकेदार तिघांवर. इथे सूत्र नाही, मर्यादा नाही. कमाईचं नुकसान खऱ्या मजुरीवर, औषधपाणी, पुढचे उपचार, वेदना, घरच्या माणसाने केलेली सेवा, कृत्रिम हात आणि तो काही वर्षांनी बदलायचा खर्च, सगळं मागता येतं. हाताच्या खर्चासाठी हाजी अलीच्या सरकारी पुनर्वसन संस्थेसारख्या ठिकाणाचं लेखी एस्टिमेट आणा, दुकानदाराच्या कोटेशनपेक्षा कोर्ट त्याला जास्त मानतं. पण वेळ लागतो, फार लागतो, आणि समोर अपील करायला पैसे असलेली कंपनी आहे.

मग दोन्ही का टाकू नयेत? कारण त्याच १९२३ च्या कायद्याचं कलम ३(५). कामगार न्यायालयात अर्ज टाकला की त्याच दुखापतीसाठी सिव्हिल दावा चालत नाही, आणि सिव्हिल दावा मालकावर (म्हणजे कामावर ठेवणाऱ्यावर) किंवा 'इतर कुणावरही' टाकला असेल तर कामगार कायद्याखालचा हक्क जातो. 'इतर कुणावरही' हे शब्द लक्षात ठेवा, कारण लोकांना वाटतं ठेकेदारावर इकडे, वीज कंपनीवर तिकडे, वेगवेगळे आहेत म्हणून चालेल. कायद्याची भाषा तसं म्हणत नाही. एखादा माणूस युनियनच्या ऑफिसात जातो, तिथे कुणीतरी चांगल्या मनाने कामगार न्यायालयाचा अर्ज भरून देतो, आणि त्या एका सहीने वीज कंपनीवरचा मोठा दावा अडकतो.

माझं मत विचाराल तर ठेकेदार कसा आहे त्यावर ठरवा. त्याच्याकडे कामगारांची पॉलिसी आहे, मोठी कामं घेतो, वसूल होईल असं वाटतंय, आणि घरात आज चूल पेटायची पंचाईत आहे, तर कामगार न्यायालय. पण ठेकेदार म्हणजे दोन शिड्या आणि एक टू-व्हीलर एवढाच पसारा असेल तर सतरा लाखांची ऑर्डर हातात घेऊन तुम्ही वसुलीसाठी फिरत बसाल. (बंगलेवाला यात मूळ मालक, म्हणजे ठेकेदाराला काम देणारा, म्हणून सहसा येत नाही, कारण घर रंगवणं हा त्याचा धंदा नव्हे.) अशा वेळी वीज कंपनीला धरून सिव्हिल दावाच बरा. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला हा दुसरा प्रकार वाटतोय.

हायकोर्टात रिट, म्हणजे सरकारी यंत्रणेविरुद्ध थेट याचिका, टाका असंही कुणी सांगेल. टाकता येते, पण वस्तुस्थितीवरच वाद असेल तर हायकोर्ट सिव्हिल कोर्टात जा म्हणून परत पाठवतं, आणि तुमच्यात अंतराचा, घराचा, नोकरीचा असा तिन्ही बाजूंनी वाद आहे. निरीक्षकाचा रिपोर्ट कंपनीच्या विरोधात एकदम स्पष्ट आला तर मात्र रिटचा विचार करा.

सिव्हिल दाव्याची मुदत. बहुतेक जण तीन वर्षं सांगतील, आणि ते बरोबरही ठरू शकतं. पण मुदत कायद्यात अनुच्छेद ७२ आहे, कायद्याने सोपवलेलं काम करताना केलेल्या किंवा न केलेल्या गोष्टीबद्दल भरपाई मागायची तर एक वर्ष, आणि कंपनीचे वकील ते काढतातच. हा वाद जिंकता येईल, पण मुळात त्यात पडायचं कशाला, ऑगस्ट २०२६ च्या आत दावा टाका.

कोर्ट फीचं टेन्शन असेल. चाळीस-पन्नास लाखांच्या दाव्याला फी लाखांत जाते, महाराष्ट्रात २०१८ पासून कमाल मर्यादाच १० लाख केलीय. पण नादार म्हणून दावा दाखल करता येतो, कोर्टात पॉपर सूट म्हणतात, त्यात फी आधी भरावी लागत नाही. आणि भाऊ आता दिव्यांग आहे, म्हणजे विधी सेवा कायदा १९८७ च्या कलम १२ खाली त्याला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. जिल्हा कोर्टाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, फोन १५१००. मिळालेला वकील नवखा असला तर बदलून मागता येतो, लाजायचं नाही. त्यासाठी आधी दिव्यांग प्रमाणपत्र काढा, सिव्हिल हॉस्पिटलमधून.

त्या प्रमाणपत्रावरच्या टक्केवारीबद्दल एक सांगतो. त्यावर समजा ६० किंवा ७० टक्के लिहिलं, तर लोक समजतात भरपाईही तेवढ्याच टक्क्यांची. तसं नाही. ऑक्टोबर २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात सुप्रीम कोर्टाने हाताचंच उदाहरण दिलंय, डावा हात गेलेला ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर कमाई जवळपास शंभर टक्के बुडाली, तोच सरकारी कारकून असेल तर नोकरी चालू राहते, नुकसान तेवढं नाही. म्हणून रंगारी होता, उजव्या हाताने काम करायचा, शिक्षण किती, दुसरं काय येतं, हे सगळं साक्षीत आलं पाहिजे आणि डॉक्टर प्रत्यक्ष साक्षीला आला पाहिजे. नुसतं सर्टिफिकेट लावून चालत नाही.

भावाची बांधकाम कामगार मंडळात नोंदणी होती का तेही बघा, पेंटरची नोंदणी होते, असेल तर तिथून अपंगत्वाची मदत वेगळी मागता येते आणि त्याने दाव्याला बाधा येत नाही.

बाकीच्यांसाठी थोडं, कारण खाली अजून तीन-चार जणांनी आपापलं विचारलंय. रेल्वेतून पडले असाल तर रेल्वे क्लेम्स ट्रिब्युनल, मुदत एक वर्ष, तिकीट हरवलं म्हणून केस संपत नाही, प्रतिज्ञापत्र देऊन सुरुवात करता येते, २०१८ चा निकाल आहे. खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे जखमी झालेल्यांना मुंबई हायकोर्टाने ऑक्टोबर २०२५ मध्ये ५० हजार ते अडीच लाख आणि मृत्यू झाला तर ६ लाख ठरवून दिलेत, त्यासाठी महापालिका आयुक्त आणि विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती आहे, तिकडे अर्ज करा. शेतकरी कुटुंबातल्या माणसाचा शेतातला अपघात असेल तर गोपीनाथ मुंडे योजनेचा अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तीस दिवसांत, दोन अवयव गेले तर २ लाख, एक गेला तर १ लाख. घाटकोपरचं होर्डिंग १३ मे २०२४ ला पडलं, १७ माणसं गेली, अशा वेळी सरकार जाहीर करतं ती मदत, भरपाई नव्हे, ती घेतली म्हणून जबाबदार माणसावरचा दावा सोडायचा नाही. आणि गाडीचा दूरचा जरी संबंध असेल तर एमएसीटीचा, म्हणजे मोटार अपघात दावा ट्रिब्युनलचा विचार आधी करा. साताऱ्याजवळ कवठ्याला १९८७ मध्ये हायवेवर पेट्रोलचा टँकर उलटला, चार-साडेचार तासांनी स्फोट झाला, जमलेली माणसं भाजली, सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्ये तोही मोटार वाहनाच्या वापरातूनच झालेला अपघात धरला. ट्रॅक्टरला जोडलेल्या मळणीयंत्राच्या केसेसमध्ये हाच निकाल आम्ही पुढे करतो, इन्शुरन्स कंपनी भांडते, पण भांडण्यासारखा मुद्दा आहे.

आता ७५ हजार. घर चालवायला लागत असतील तर घ्या, पण बँकेतून घ्या, आणि कागदावर 'उपचारासाठी मदत' एवढंच लिहायचं. 'यापुढे काही तक्रार नाही, कोर्टात जाणार नाही' अशी ओळ असेल तर सही नाही, आणि भावाचा डावा अंगठा तर अजिबात नाही, कारण उजवा हात नसलेल्या माणसाचा अंगठा कुणीही काहीही वाचून दाखवून घेतो. कामगार कायद्याखालचा हक्क असा करार करून जात नाही, त्या कायद्याचं कलम १७ तसं म्हणतं, पण सिव्हिल दाव्यात तोच कागद बंगलेवाला तुमच्या तोंडावर मारेल.

आणि गेटवरचा तो माणूस. वकिलाला निकालावर टक्केवारी ठरवून केस घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहे, हॉस्पिटलात माणसं पाठवून केसेस गोळा करायलाही. म्हणजे तो माणूस वकील नाही, आणि त्याच्यामागे वकील असेल तर तो नियम मोडतोय. त्याने आधार कार्ड, केसपेपर, कोरे सही केलेले कागद घेतले असतील तर आधी ते परत मागा. कोऱ्या कागदावर सही झालीच असेल तर कधी, कुठे, किती कागदांवर ते लिहून पोलीस स्टेशनला अर्ज द्या आणि पोच ठेवा, आणि वकीलपत्र कुणाच्या नावावर गेलंय का, कामगार न्यायालयात भावाच्या नावाने काही अर्ज दाखल झालाय का, ते ई-कोर्ट्सवर आणि प्रत्यक्ष फायलिंग काउंटरला दोन्हीकडे बघून या, कारण झाला असेल तर वरचा कलम ३(५) चा घोळ आधीच सुरू झालाय आणि दावा टाकायच्या आधी तो अर्ज काढून घ्यायचा की नाही हे ठरवावं लागेल.